चाळिसावा मजला

शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता जपानमधल्या एका गावच्या इस्पितळात, टेलिफोन-खोलीतल्या जोडणी-फलकावर दिवा लागला. ओची सुमिएने तार जोडली. रुग्णवाहिकेचा माणूस बोलत होता.

"अपघात विभाग द्या. बावीस-तेवीसची मुलगी आहे, जिन्यावरून पडलीय. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही."

"जोडते," सुमिए म्हणाली आणि जोडलं. बारा वर्षं ती हेच काम करत होती.

अर्ध्या तासाने त्याच विभागातून तिच्यासाठी फोन आला. "ओचीबाई, जरा खाली येता का?" ती खाली गेली. खाटेवर तिची धाकटी बहीण रित्सुको होती. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणली असती तर कदाचित वाचली असती.

पोलिसांनी दोन दिवसांत कागद पुरे केले. लोखंडी जिना, पाऊस, पाय घसरला. अपघात.

सुमिए रडली नाही. लोक भेटायला आले तेव्हा तिने सगळ्यांना चहा दिला. सातव्या दिवसाचे विधी झाले, त्या दुपारी इस्पितळाने दिलेली पिशवी तिने पहिल्यांदा उघडली. आत जाकीट होतं, सायकलची किल्ली, अर्धं सोललेलं संत्रं आणि एक शाईचं पेन. सोबत यादी होती. तिच्यात लिहिलं होतं : 'पेन, झाकण नाही. उजव्या मुठीत होतं.'

ती यादीकडे बराच वेळ बघत बसली. मग तेच जाकीट घालून ट्रामने निघाली.

रित्सुको जिथे पडली ते खेळघर, नाणी घालून खेळायच्या व्हिडिओ खेळांचं, बाजाराच्या गल्लीत होतं, बुटांच्या दुकानाच्या वर. आठवडाभर शटर खाली होतं. मालकीण वाकुईबाई साठीच्या होत्या. त्यांनी सुमिएला ओळखलं आणि काही न बोलता शटर वर केलं. आत सिगारेटचा जुना वास होता. यंत्रं काळी पडून ओळीने उभी होती.

"हे तिचं," वाकुईबाईंनी कोपऱ्यातल्या यंत्रावर हात ठेवला. "वाऱ्याचा मनोरा. एप्रिलमध्ये आलं. चाळीस मजले, प्रत्येक मजला म्हणजे भूलभुलैया. प्रत्येकात एक पेटी लपलेली. कुठे भिंतीला तीनदा ठोसा मारायचा, कुठे अजिबात हलायचं नाही, तेव्हा ती दिसते. यंत्र काही सांगत नाही. पोरं शंभर-शंभर येन घालून महिनोन्‌महिने डोकं आपटत बसली."

"त्या दिवशी काय झालं?"

"पाऊस होता, गिऱ्हाईक नाही. पावणेचारला मी टोफू आणायला गेले. रित्सु एकटी खेळत होती. चार वाजून पाच मिनिटांनी आले तर इथे कोणी नाही. मागचं दार उघडं. खाली बघितलं तर..."

"यंत्रावर काय दिसत होतं?"

"बघितलं नाही बाई. रुग्णवाहिका गेल्यावर सगळी बटणं बंद केली. बंद केलं की यातलं सगळं पुसलं जातं. नावं, गुण, सगळं. तेव्हापासून चालू केलेलं नाही."

"ती मागच्या जिन्यावर कशाला गेली असेल? सायकल घ्यायला?"

"किंवा लिहायला. आत अंधार असतो ना. वहीत लिहायचं असलं की सगळे वरच्या पायरीवर, पत्र्याखाली जाऊन बसतात."

"कसली वही?"

वाकुईबाईंनी यंत्राशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. कड्यांची जाड वही टांगलेली होती, सुटी पानं घालता येतात तशी. ज्याला जे रहस्य सापडलं ते त्याने इतरांसाठी लिहून ठेवायचं. एका मजल्याला एक पान. मागे कोऱ्या पानांचा गठ्ठा.

"त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा वही कुठे होती?"

"इथेच, खिळ्याला."

सुमिए स्टुलावर बसली आणि वही वाचू लागली. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. बहिणीचं अक्षर शोधायला ती वाचत होती. ते जागोजागी होतं. 'मजला १७ : आधी हिरवा मारा, मग पांढरा. उलट केलंत तर माझ्यासारखे रडाल. – रित्सु.' पानं धुराने पिवळी पडली होती आणि कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या. शेवटचं, चाळिसाव्या मजल्याचं पान स्वच्छ पांढरं होतं. त्यावरचं अक्षर रेखीव होतं, छापल्यासारखं.

'मजला ४० : तलवार खाली ठेवा. दाराकडे पाठ करून उभे राहा. सगळे दिवे विझेपर्यंत हलू नका. दार मागे उघडतं. – ओकुनो, ९ जून.'

"ओकुनो कोण?"

"आमचे गुरुजी. नगरपालिकेत जमिनीच्या नोंदी बघतात. शनिवार-रविवार येतात. मनोरा पुरा करणारे या गावातले ते पहिले. पोरं त्यांना फार मानतात. रित्सुला पहिले दहा मजले त्यांनीच शिकवले."

"त्या शनिवारी ते आले होते?"

"नाही. सर्दी झाली म्हणून घरीच होते म्हणे. पोलिसांनाही तेच सांगितलं."

"यंत्रात मध्यंतरी काही बिघाड वगैरे?"

"बिघाड नाही. त्याच्या आधीच्या बुधवारी कंपनीचा माणूस आला होता. पाठ उघडून नखाएवढा तुकडा बदलून गेला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही."

जाताना सुमिएने त्या पानावरचा मजकूर आपल्या डायरीत उतरवून घेतला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वही तिने वाकुईबाईंना कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितलं.

हाशिदा नावाचा मुलगा दारूच्या दुकानाच्या बाटल्या मोपेडवरून पोचवायचा. रित्सुशी त्याची रोज भांडणं व्हायची, असं वाकुईबाई म्हणाल्या होत्या. सुमिएने त्याला दुकानामागच्या खोक्यांजवळ गाठलं.

"त्या शनिवारी तू खेळघरात होतास?"

"नव्हतो."

"तुझी मोपेड गल्लीत होती. बुटांच्या दुकानदाराने बघितली."

तो खोका उचलत होता. तो त्याने परत खाली ठेवला. "तीनला गेलो होतो. दहा मिनिटं. मालकाला कळलं तर हाकलेल म्हणून पोलिसांना बोललो नाही. ताई, मी काही केलेलं नाही."

"तसं मी म्हटलेलं नाही. ती काय करत होती?"

"एकतिसाव्या मजल्यावर होती. मी म्हटलं, आजही आपटणार तू. ती म्हणाली, गप बस, बाटल्या फुटतील तुझ्या." त्याने नाक पुसलं. "आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं पान वाचलं होतं. डाव्या दिव्यावर तीन वार करायचे, मग सरळ दारातून जायचं. ती म्हणत होती, उद्या तेच करून बघते."

"डाव्या दिव्यावर तीन वार? हे कुठे लिहिलं होतं?"

"वहीत. गुरुजींच्या पानावर."

सुमिएने मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याचे आभार मानायला विसरलो. ती परत गेली, आभार मानले आणि घरी आली.

सोमवारी तिने जेवणाच्या सुट्टीत ओसाकाला, खेळ बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या टेलिफोनवालीने आधी टाळाटाळ केली. सुमिए म्हणाली, "मीही फलकावरच बसते. दोन मिनिटं द्या." मग त्या बाईने मनोऱ्याचे भूलभुलैये आखणाऱ्या माणसाला जोडून दिलं. आवाजावरून तो तिशीतला वाटत होता, झोप न झालेला.

"चाळिसाव्या मजल्याबद्दल विचारायचं होतं," सुमिए म्हणाली. "बारा दिवसांपूर्वी, बुधवारी, तुमच्या माणसाने आमच्या गावच्या यंत्रात काहीतरी बदललं."

तो म्हणाला, "आमचीच चूक. पहिल्या यंत्रांत शेवटचं दार उघडतच नव्हतं. खेळणाऱ्याने काहीही केलं तरी नाही. ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं. तेव्हापासून गावोगाव तुकडे बदलतोय."

"दार आता कसं उघडतं?"

"ते मी सांगत नसतो, बाई."

सुमिएने डायरीतला मजकूर वाचून दाखवला. तलवार, पाठ, दिवे.

"बरोबर," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणी केलं हे? आम्हाला अजून कोणाचंही पत्र आलेलं नाही. त्याला माझं अभिनंदन सांगाल का?"

"सांगते," सुमिए म्हणाली आणि तार काढली. दुपारभर ती फोन जोडत राहिली.

पुढच्या शनिवारी वाकुईबाईंनी तिच्या सांगण्यावरून खेळघर उघडलं आणि दोघांना बोलावून घेतलं. हाशिदा दाराजवळ उभा राहिला. ओकुनो गुरुजी छत्री नीट मिटून, चष्मा पुसून आत आले. सेहेचाळीस वर्षांचा, मवाळ चेहऱ्याचा माणूस. अंत्यविधीला ते आले होते. सुमिएला त्यांचं वाकून नमस्कार करणं आठवत होतं, फार वेळ वाकले होते ते.

"गुरुजी, तुम्ही चाळिसावा मजला नऊ जूनला पार केलात?"

"हो. रविवार होता."

"या पानावर लिहिलंय तसंच?"

त्यांनी पानाकडे बघितलं. "तसंच."

"पान तेव्हाचंच आहे? नंतर बदललं नाहीत?"

"कशाला बदलू?"

"रित्सु गेली त्या शनिवारी तुम्ही इथे नव्हतात."

"पोलिसांना सांगितलंय मी. सर्दी होती."

सुमिएने वही मांडीवर घेतली. तिचा आवाज फोनवर नंबर सांगावा तसा सरळ होता.

"माझ्या बहिणीच्या मुठीत झाकण नसलेलं पेन होतं. म्हणजे ती पायरीवर लिहायला बसली होती. लिहायचं ते वहीत. पण वाकुईबाई आल्या तेव्हा वही आत खिळ्याला होती. पडलेलं माणूस वही परत टांगत नाही. कोणीतरी ती आत आणली."

सुमिएने शेवटचं पान उघडलं.

"वहीतली सगळी पानं पिवळी आहेत. जूनचं हे पान पांढरं आहे. आदल्या दिवशी, शुक्रवारी, रित्सुने आणि हाशिदाने चाळिसाव्या मजल्याचं पान वाचलं. त्यात डाव्या दिव्यावर तीन वार करायला सांगितलं होतं."

"होतं," हाशिदा म्हणाला. "मला पाठ आहे ते."

"तीन वार केले तर काही होत नाही. जूनमध्ये काहीही केलं तरी काही झालं नसतं. त्या वेळी या यंत्रात दार उघडतच नव्हतं. ते उघडायला लागलं रित्सु जाण्याआधीच्या बुधवारपासून. मी ओसाकाला विचारलं. म्हणून नऊ जूनला हे पान लिहिणं कोणालाच शक्य नव्हतं."

ओकुनोंनी चष्मा काढला. "मी... कदाचित नंतर कधी..."

"नंतर कधी? शनिवारी संध्याकाळी यंत्र बंद झालं ते आजपर्यंत बंद आहे. वाकुईबाई, बुधवार ते शुक्रवार गुरुजी आले होते?"

"नाही," वाकुईबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. "शनिवार-रविवारच येतात ते."

"मग एकच दुपार उरते. त्या दुपारी दार रित्सुने उघडलं. कसं उघडलं ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल, तर तिच्या मागे उभं राहून बघणाऱ्याला. पान तुमच्या अक्षरात आहे, गुरुजी. खाली तुमचं नाव आहे."

ओकुनो स्टुलावर बसले. रागावले नाहीत की उठून गेले नाहीत. ते बोलायला लागले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटत असावं.

"जूनमध्ये मी दारापर्यंत पोचलो होतो. खरोखर पोचलो होतो. दार उघडेना. त्या रविवारी सगळी पोरं मागे उभी होती, विचारत होती, झालं का गुरुजी. पुढच्या रविवारी सकाळी कोणी नसताना मी लिहून टाकलं, झालं म्हणून. ऑफिसात मला कोणी नावानेही हाक मारत नाही, बाई. इथे..."

"शनिवारचं सांगा."

"ती वही घेऊन जिन्यावर गेली. मला म्हणाली, गुरुजी, तुमचं पान बदलायला हवं. तुमचं नाव तसंच ठेवते, नुसतं दिव्याचं चुकलंय. ती चिडवत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी लिहिताना चुकलो. मी म्हटलं, राहू दे. ती हसून लिहायला लागली. मी वही ओढली. तिने सोडली नाही, आणि मग सोडली."

"खाली गेलात तुम्ही?"

"गेलो."

"श्वास चालू होता?"

ओकुनोंनी मान खाली घातली. "होता."

"मग?"

"मग वर आलो. जुनं पान काढलं. नवं लिहिलं. घाईत अक्षर बिघडलं, म्हणून परत एक लिहिलं. मग समोरच्या जिन्याने गेलो."

वाकुईबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हाशिदा दोन पावलं पुढे आला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. सुमिएने हात वर केला.

"खाली बुटांच्या दुकानात फोन आहे. पोलिसांना बोलाव."

तो गेला. लोखंडी पायऱ्यांवर त्याचे बूट वाजत गेले. सुमिए जागची हलली नाही. राग येईल म्हणून ती वाट बघत होती. काहीच झालं नाही. समोरचा माणूस तिला दूर कुठेतरी बसल्यासारखा दिसत होता.

"एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "दार उघडलं तेव्हा तिने काय केलं?"

ओकुनोंनी वर बघितलं. हा प्रश्न त्यांच्या ध्यानीमनी नव्हता.

"ओरडली वगैरे नाही. हात काढून घेतले आणि नुसती बघत राहिली. मग मागे वळली. कोणी बघितलं का, ते बघायला." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "मी होतो. म्हणाली, गुरुजी, बघितलंत ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. छान, म्हणालो."

सुमिएने मान हलवली आणि वही मिटली. खालून हाशिदाचा आवाज येत होता. तो फोनवर पत्ता सांगत होता, चुकत होता, पुन्हा सांगत होता.