अंबलरच्या खोलीतला रेडिएटर

"माझ्या हातचा रेडिएटर तापत नाही, असं होऊच शकत नाही," डॅरिल बॅनिस्टर म्हणाला.

तो प्लंबर होता, आणि आपल्यासारखा प्लंबर सबंध यॉर्कशरमध्ये नाही असं त्याचं ठाम मत होतं. कीथलीच्या बाजारातल्या मटार-पेस्ट्रीच्या दुकानावरच्या त्या छोट्या ऑफिसात तो पाय फाकून बसला होता. समोर खासगी तपासनीस मिस एनिड हॉलरॉईड नाक किंचित वर करून त्याच्याकडे बघत होती. ती बहुतेक सगळ्यांकडे तशीच बघायची.

"आणि तरी तो तापत नाही," ती म्हणाली.

"मी जातो तेव्हा तापतो! दोनदा गेलो लम्बांच्या घरी. दोन्ही वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत तव्यासारखा गरम. मी परतलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड. आणि ती जॅनिस लम्ब चॅपलमध्ये कॉफी पिता पिता सगळ्या बायकांना सांगते, डॅरिलनं आमच्या डॅडना गारठवून मारायला काढलंय. बाई, लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात मला बघून."

"ते आधीही जात असतील. तुम्ही बोलायला लागलात की थांबत नाही."

खिडकीपाशी बसलेला मॉरिस फेदर खोकल्यासारखं हसला. मॉरिस बसचा रिटायर झालेला ड्रायव्हर. आता एनिडची गाडी चालवायचा, आणि जमेल तितका विचारही करायचा.

"म्हातारा खरंच आजारी आहे का?" त्यानं विचारलं.

डॅरिलचा आवाज खाली आला. "छातीत कफ झालाय. अशी आणखी एक थंडी बाधली तर डॉक्टरही काही करू शकणार नाहीत म्हणतात."

एनिड उठली आणि तिनं कोट चढवला. "चल, मॉरिस. बॅनिस्टर, तुम्ही तुमच्या व्हॅनमधून मागे या आणि गल्लीच्या तोंडाशी थांबा. तोंड मिटून."

"फोन करून जायचं ना?" मॉरिसनं विचारलं.

"मुळीच नाही."

*

जॅनिस लम्बनं दार उघडलं. पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळं, अंगावर फुलाफुलांचा एप्रन. एक हात एप्रनच्या खिशात, आतल्या कुठल्याशा गोल वस्तूभोवती मूठ आवळलेली.

"डॅरिलनं पाठवलंय?" ती भडकली. "तो निदान आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवतो. तुम्ही असे न सांगता आलात?"

"पाहुणचार नकोय आम्हाला. रेडिएटर बघायचाय."

जॅनिसला त्यांना आत घ्यावंच लागलं. इतके दिवस गावभर बोंब मारल्यावर आता दार लावून घेणं शोभलं नसतं.

घर उबदार होतं. बोळातला रेडिएटर इतका गरम की मॉरिसनं टेकलेला हात झटकन मागे घेतला. मागच्या खोलीत पाऊल टाकलं मात्र, आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

खुर्चीत वॉल्टर अंबलर बसला होता, जॅनिसचा बाप. अंगात तीन स्वेटर, मांडीवर ब्लँकेट. मॉरिसला बघून त्यानं हात पुढे केला तशी पायातली एक सपात गळून पडली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"वाकता येत नाही त्यांना," जॅनिस म्हणाली आणि गुडघ्यावर बसून तिनं ती त्याच्या पायात घातली. "कंबरेचं हाड मोडल्यापासून मोजेसुद्धा मीच घालते. जिना तर बंदच. म्हणून तर जेवणघर रिकामं करून त्यांना दिलं, नवा रेडिएटर बसवला. आमच्याकडे म्हाताऱ्यांना टाकून देत नाहीत, त्या ग्रीनहॉफ बाईनं सासूला दिलं तसं. मी तिला चॅपलमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं होतं. डॉक्टर म्हणतात, खोली तापत नसेल तर यांना वृद्धाश्रमात हलवा, तिथं ऊब असते. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"वा," एनिड म्हणाली. "टाळ्या वाजवायला मॉरिस आहेच."

ती रेडिएटरपाशी वाकली. जिथून गरम पाणी आत येतं त्या कोपऱ्याला हात लावला, तर चटका बसला. वीतभर पुढे पत्रा कोमट. दुसरं टोक वरपासून खालपर्यंत दगडासारखं गार. त्या टोकाच्या तळाशी परतीचा व्हॉल्व्ह होता, जिथून पाणी बॉयलरकडे माघारी जातं. त्याचा पाइपही गार. व्हॉल्व्हवर पांढरी प्लास्टिकची टोपी होती. एनिडनं ती काढली. आत पितळेचा चौकोनी खुंट, लखलखीत, कुठेही ओरखडा नाही. तिनं टोपी परत बसवली.

"मिस्टर अंबलर, तुम्ही काय काम करायचात?"

"बॉयलर," म्हातारा म्हणाला. "बेकबॉटम मिलमध्ये. तीन मजल्यांचे माग माझ्या वाफेवर चालायचे. पाइपला कान लावून मी सांगायचो दोष कुठे आहे ते."

"मग हा का तापत नाही?"

वॉल्टरनं खिडकीबाहेर बघितलं. "हल्लीचं सामान. मला काय कळतंय त्यातलं."

*

जावई रॉय लम्ब स्वयंपाकघरात ब्रेडवर लोणी फासत होता. लठ्ठ, कंटाळलेला माणूस, लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर.

"मला विचारू नका. त्या खोलीत, जेवणाच्या टेबलाशेजारी, माझी खेळण्यातली आगगाडी होती. बोगदा, पूल, सगळं हातानं केलेलं. आता खोक्यात पडलंय माळ्यावर." त्यानं लोण्याची सुरी आपटली. "तरी मी रोज संध्याकाळी चावी लावून त्या रेडिएटरमधली हवा काढत बसतो. पाणीच निघतं भसाभसा, हवेचा बुडबुडा नाही. त्यापायी बॉयलरचं प्रेशर पार उतरलं, जॅनिस ओरडली ते वेगळंच."

"डॅरिल आला तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"पहिल्यांदा होतो. दुसऱ्यांदा सबंध आठवडा ॲबर्डीनच्या फेरीवर होतो. का?"

"सहज," एनिड म्हणाली. ती सहज काही विचारत नाही हे मॉरिसला माहीत होतं.

हात धुवायला म्हणून ती वर बाथरूममध्ये गेली. मॉरिस जिन्यात थांबला. उघड्या दारातून टॉवेल वाळवायचा तापता दांडा दिसत होता. त्याच्या एका व्हॉल्व्हवर फिरवायची काळी मूठ होती. दुसऱ्यावर नव्हती, नुसता पितळी खुंट उघडा. एनिड हात न धुताच खाली आली.

"रॉय," मॉरिस तिच्या कानाशी पुटपुटला. "आगगाडीचा राग. हवा काढतो म्हणून सांगतो आणि भलतंच काहीतरी करतो. बरोबर ना?"

"मॉरिस, तू इतकी वर्षं बस चालवलीस आणि कुणाला चिरडलं नाहीस, याचं मला नेहमीच नवल वाटतं. जा, बॅनिस्टरला बोलाव. पाना घेऊन ये म्हणावं."

*

मागच्या खोलीत सगळे जमले. बसायला खुर्ची फक्त वॉल्टरला होती. डॅरिल आत येताच बोलायला लागला, एनिडनं बोट वर केलं, तो गप्प झाला.

"या घरात थंडीपेक्षा मूर्खपणा जास्त आहे," तिनं सुरुवात केली, "म्हणून थोडक्यात सांगते. रेडिएटरमध्ये हवा अडकली तर तो वरून थंड राहतो. गाळ बसला तर खालून. हा एका कोपऱ्यात चटका देतो आणि बाकी सगळा गार आहे. परतीचा पाइपही गार. म्हणजे पाणी आत येतंय, पण बाहेर जायची वाट जवळपास बंद आहे. तो खालचा व्हॉल्व्ह कुणीतरी आवळून ठेवलाय."

"मी उघडा ठेवला होता!" डॅरिल ओरडला.

"ठेवला होता. तुम्ही बढाईखोर आहात, पण ही बढाई खरी आहे. तुम्ही दोनदा आलात तेव्हा तो उघडाच होता. तुम्ही गेल्यावर बंद झाला. म्हणजे तुम्ही येणार हे आधी माहीत असलेल्या माणसाचं हे काम. आज आम्ही फोन न करता आलो, आणि तो बंद सापडला."

रॉयनं मान वर केली. मॉरिसही त्याच्याचकडे बघत होता.

"मिस्टर लम्ब नाहीत," एनिड म्हणाली. "दुसऱ्या वेळी ते ॲबर्डीनला होते, तरी व्हॉल्व्ह उघडला आणि पुन्हा मिटला. शिवाय खरं कारण ठाऊक असलेला माणूस रोज संध्याकाळी बादलीभर पाणी काढत बसत नाही. इतकं प्रामाणिक अज्ञान सोंग करून येत नाही."

"आभारी आहे," रॉय गोंधळून म्हणाला.

"मिस्टर अंबलरना वाकता येत नाही. ज्याला सपातही घालता येत नाही तो माणूस जमिनीलगतचा व्हॉल्व्ह काय फिरवणार? आता हत्यार. पक्कड वापरली असती तर मऊ पितळेवर तिच्या दातांचे ओरखडे उठले असते. एकही नाही. त्या खुंटावर नेमकं बसणारं काहीतरी वापरलं गेलं. वर टॉवेलच्या दांड्याच्या एका व्हॉल्व्हची मूठ गायब आहे. दोन्ही खुंट एकाच मापाचे. ती मूठ आणायला जिना चढावा लागतो, आणि मिस्टर अंबलरना जिना बंद आहे." ती वळली. "मिसेस लम्ब, तुमच्या एप्रनच्या खिशात काय आहे?"

जॅनिसनं हात बाहेर काढला नाही. 

"जॅनिस?" रॉय म्हणाला.

तिनं हात बाहेर काढला आणि तळवा उघडला. काळी, गोल, प्लास्टिकची मूठ. मॉरिसनं नजर वळवली.

"का ते मी सांगू, की तुम्ही?" एनिडनं विचारलं. आवाजात दया नव्हती. "वडिलांना आश्रमात पाठवायचंय. पण चॅपलमध्ये दुसऱ्या बाईची याच गोष्टीवरून अब्रू काढून बसलात. आता तेच आपण कसं करणार? म्हणून खोलीनं करायचं, डॉक्टरनं करायचं, प्लंबरनं करायचं. तुम्ही शेवटपर्यंत रडत नाही नाही म्हणणार. एका माणसाची छाती आणि दुसऱ्याचं नाव, एवढ्या किमतीत तुमचं चांगुलपण टिकलं असतं. स्वस्तात."

"तुम्हाला काय माहीत!" जॅनिस किंचाळली. "रात्री चार-चारदा उठते मी! हा ट्रक घेऊन निघून जातो!"

"ते खरं असेल. ते तोंडानं सांगायचं असतं, व्हॉल्व्हनं नाही."

"तिला बोलू नका तसं," वॉल्टर अचानक म्हणाला.

एनिड त्याच्याकडे वळली, आणि तिचं नाक आणखी वर गेलं. "तुमच्याकडेच येत होते. या गावात ज्याला त्याला रेडिएटरवर मत आहे. मॉरिसलासुद्धा. आणि ज्यानं आयुष्य बॉयलरपाशी काढलं तो म्हणतो, मला काय कळतंय. तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं."

वॉल्टरनं ब्लँकेट नीट केलं. "डोळे मिटले की म्हातारा झोपला असं समजतात. ती गुडघ्यावर बसून फिरवायची. मला आवाज यायचा पाण्याचा, बारीक होत जाणारा."

"डॅड!" जॅनिसचा चेहरा पांढरा पडला. "मग बोलला का नाहीत?"

"बघत होतो, कुठवर जातेस ते."

"म्हणजे मुलीची परीक्षा घेत बसलात," एनिड म्हणाली. "स्वतःची छाती पणाला लावून. तुम्ही मेला असतात तर ती जन्मभर खुनी ठरली असती, निदान स्वतःच्या मनात. यात सगळ्यात हुशार तुम्ही होतात, मिस्टर अंबलर, म्हणून तुमचा मला सगळ्यात जास्त तिटकारा येतो."

  डॅरिल खाली बसला, व्हॉल्व्हची टोपी काढून त्यानं पाना लावला. पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला.

जॅनिस बापाच्या खुर्चीशी जमिनीवर बसली होती. तिचं बोलणं कुणाला ऐकू यावं असं नव्हतंच, पण खोली लहान होती.

"मला नाही जमत, डॅड. मी थकलेय. तुम्ही घरात नसावं असं वाटतं मला. रोज वाटतं."

वॉल्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"मग म्हण ना तसं, पोरी. तुझी आई सबंध संसारभर मला तोंडावर मूर्ख म्हणायची. त्यानं मला कधी थंडी वाजली नाही."

रॉय गुपचूप चहा ठेवायला गेला. मॉरिसला चहा हवा होता, पण एनिड दारापाशी पोचली होती.

"मिसेस लम्ब," ती वळून म्हणाली, "जिथं बॅनिस्टरचं नाव घालवलंत तिथंच ते परत करायचं. मी ऐकायला येणार आहे."

त्या गुरुवारी चॅपलच्या कॉफीला ती खरंच गेली, मागच्या रांगेत बसली आणि बिस्किटाला शिळं म्हणाली. जॅनिस लम्ब उभी राहिली. कपाची बशी तिच्या हातातच होती.

"डॅरिल बॅनिस्टरचं काम चोख होतं," ती म्हणाली. "रेडिएटर मी बंद केला होता. आणि सोमवारी डॅड आश्रमात जातायत. ते तिथं जातायत, कारण मला त्यांना सांभाळणं जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. मला जमत नाही म्हणून."

 ती बसली, आणि बशी मांडीवर ठेवून तिनं दोन्ही हातांनी धरली.