जुन्या पुलावरचा ठिपका

मोबाइल खिशात टाका आधी, मग सांगतो. आणि ऐकीव नाही हं, माझ्याच हाताखाली होता तो. रक्तपेढीची गाडी चालवायचा. सगळे त्याला सुसाट म्हणायचे. नोकरीला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

गुरुवारची रात्र, दोन वाजून पाच मिनिटं. नदीपलीकडच्या छोट्या हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला. पहिलटकरीण, रक्तस्राव थांबेना, तीनच्या आत दोन पिशव्या हव्यात. सुसाटनं बर्फाच्या खोक्यात पिशव्या ठेवल्या, खोक्याला शेजारच्या सीटचा पट्टा लावला आणि नकाशा सुरू केला. आमच्याकडे रीतच होती, प्रत्येक ड्रायव्हरचं लोकेशन सिस्टरच्या फोनला कायमचं जोडून ठेवायचं. गाडी कुठवर आली ते तिला ठिपक्यावरून कळायचं.

फाट्यावर नकाशा म्हणाला, डावीकडे वळा, पंधरा मिनिटं वाचतील. हा पठ्ठ्या वळला की! रस्ता अरुंद होत गेला, दिवे संपले. तेवढ्यात फोन.

"अहो दादा, जुन्या पुलापाशी थांबलात कशाला? पोरगी पांढरीफटक पडलीय इकडे!"

"थांबलोय कुठे ताई? पळवतोय गाडी!"

"मग हा ठिपका..." सिस्टरनं स्क्रीन नीट पाहिली. "अगं बाई. दोन आहेत. हा पुलावरचा तुमच्या आधीच्या ड्रायव्हरकाकांचा. दोन वर्षांपूर्वी इकडे रक्त आणताना पूल तुटला, गाडीसकट गेले. सापडलेच नाहीत. ठिपका काढायचा धीर नाही झाला मला... दादा, तुम्ही त्या रस्त्याला का आहात?"

सुसाटनं करकचून ब्रेक दाबला. नकाशावर रस्ता सरळ होता. समोर नव्हता. खाली नुसतं पाणी.

शेजारी खोकं होतं. त्यानं कशीबशी गाडी फिरवली. "मोठ्या पुलावरून येतो. फोन ठेवू नका ताई, पाया पडतो."

गाडी फाट्याकडे सुटली.

"दादा..."

"काय?"

"तो हललाय."

"कोण?"

"तुमच्या मागे येतोय."

आरशात अंधार. पुन्हा त्यानं आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. घाम डोळ्यांत गेला, तो पुसला नाही.

"जवळ आलाय... अगदी जवळ..."

"ताई, बोलत राहा."

"दादा... आता एकच ठिपका दिसतोय."

तीनला दोन मिनिटं कमी असताना तो पोहोचला. रक्त चढलं. पोरगी वाचली, बाळही वाचलं. सुसाट मात्र उजाडेपर्यंत बाकावरच बसून होता.

सकाळी तो आणि सिस्टर गाडीपाशी गेले. शेजारची सीट रिकामी होती, खोकं तर रात्रीच आत नेलं होतं. पण मागच्या सीटवर आणखी एक खोकं होतं. चिखलानं माखलेलं, पट्टा नीट लावलेला. वरच्या चिठ्ठीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि त्या रात्री रक्ताची वाट बघत दगावलेल्या बाईचं नाव.

सिस्टरनं झाकण उघडलं.

आतला बर्फ अजून वितळला नव्हता.