हात मागे, लिफ्टकाका!

"हात लावायचा नाही!"

ती एवढ्या जोरात ओरडली की जिना चढून येणारा माणूस जागच्या जागी थिजला. त्याचा हात अर्धवट पुढे आलेला होता, तिच्या निसटत्या निळ्या बॅगेकडे. तिच्या पाठीवर सॅक होती, खांद्याला मिटलेली बाबागाडी अडकवलेली होती. पुढे मुलगी होती, पाच वर्षांची, बोलणं मात्र पन्नाशीचं, म्हणून घरात सगळे तिला आजीबाईच म्हणत. मागे आईच्या शर्टचं टोक धरून तीन वर्षांचा मुलगा लोंबकळत होता. त्याचं घरातलं नाव वादळ. का, ते सांगायला नको.

"अहो, पण बॅग पडतेय—"

"पडू दे. माझी आहे."

"लिफ्ट बंद आहे म्हणून म्हटलं..."

"लिफ्ट बंद आहे म्हणूनच निघालेय आज. तालीम आहे. परदेशी जायची."

त्याने जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जिन्याने?"

"तिथला जिनाही बंद लिफ्टशेजारीच असतो," ती फणकारली. "आणि तिथे माझं कुणी नसणारे. तेव्हा बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. भिंतीला पाठ टेकवून, दोन्ही हात मागे बांधून. ती एकेक पायरी उतरू लागली... आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की हाही शेजारून उतरतोय. हात तसेच मागे.

"तुम्ही वर चाललात ना?"

"होतो. पण तालीम बघायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं दिसलं नाही."

तिने हसू दाबलं. ओझं उचलताना हसलं की हातातलं बळ जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढ्यात आजीबाई थबकली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "आई, हा काका लिफ्टमध्ये राहतो."

"काहीतरीच काय!"

त्याने घसा खाकरला. "कृपया दारापासून दूर उभे राहा," तो म्हणाला, आणि बंद लिफ्ट जिन्यात उतरून आल्यासारखी वाटली! तोच आवाज. रोज सकाळी 'तिसरा मजला' म्हणणारा, बँकेच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून जीव खाणारा.

"पोटापाण्यासाठी आवाज देतो," तो ओशाळून म्हणाला. "गेल्याच महिन्यात पहिल्या मजल्यावर आलोय. लिफ्ट बंद पडली की शिव्या मला बसतात."

"आवाज बरा आहे," ती म्हणाली. मग घाईघाईने, "लिफ्टसाठी."

ती दात बनवायची. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप पाठवणार, आणि ही कारखान्यातल्या आपल्या टेबलावर बसून कवळ्या, पडलेल्या दातांची जागा भरणारे पूल, पुढचे सुटे दात घडवणार. दादा, तिचा थोरला भाऊ, पडून पुढचे दोन दात घालवून बसला तेव्हा त्याचेही तिनेच केले होते. हात असा बसलेला की समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्याने बोलावणं धाडलं. घर मिळणार होतं, मुलांना शाळा मिळणार होती. मुलांच्या बाबांनी तर दोन वर्षांपूर्वीच 'मला जमत नाही' म्हणून संसारातून अंग काढून घेतलं होतं. आता अडवायला होता फक्त दादा.

वाईट नव्हता दादा. पण त्याच्या लेखी बाईमाणूस, दोन लहान पोरं आणि विमान हे एका वाक्यात बसत नव्हतं. "लोक हसतील," तो म्हणाला होता.

"हसतील त्यांचे दात दिसतील. दिसू देत. माझा धंदाच तो आहे."

"जिभेला हाड नाही तुझ्या. एकटीने दोघांना घेऊन, सामान घेऊन विमानतळाच्या दारापर्यंत तरी जाऊन दाखव. रविवारी. माझ्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर वादळ वर्षभर आमच्याकडे."

आणि रागाच्या भरात ही बया 'चालेल' म्हणून बसली! शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, की आपण वादळालाच पैजेवर लावलं. पण मागे फिरेल ती ती कसली!

जिन्यातल्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. लिफ्टकाका, हात मागे.

"तालमीत इतर पात्रं कोण करतं?" त्याने विचारलं. "तपासणीवाला? हवाईसुंदरी? शेजारच्या सीटवरचा खडूस माणूस?"

"कुणी नाही."

"मग ती तालीम कसली! मी हात लावणार नाही. नुसता त्रास देईन."

"तेवढं जमेल तुम्हाला," ती म्हणाली, आणि दार उघडं ठेवलं.

मग रोज संध्याकाळी घराचा विमानतळ होऊ लागला. तो तपासणीवाला होऊन सॅक उलटी करायला लावायचा. आजीबाईला तिची लाल बादली न्यायचीच होती, त्यावर त्याने साहेबी आवाजात तिची अशी उलटतपासणी घेतली की शेवटी तीच म्हणाली, "राहू दे साहेब, तिकडे बादल्या असतील." वादळाची चिरगुटाची मऊ गोधडी मोठ्या बॅगेत गेली होती, 'विमानात झोपेची वेळ झाली' असं त्याने जाहीर करताच गोधडीसाठी जो आकांत झाला, तो खालच्या मजल्यापर्यंत पोचला. गोधडी सॅकमध्ये आली, सगळ्यात वर.

मोठी निळी बॅग मात्र खऱ्या कपड्यांनी भरायची तिची तयारी नव्हती. रोज चुरगळलेले कपडे कोण इस्त्री करणार? तिने कारखान्यातले जुन्या मापांवरून ओतलेले, टाकाऊ प्लास्टरचे जबडे आणून त्यात ठासले. वजन अगदी नेमकं झालं.

"कुणी बॅग उघडून बघितली तर?" त्याने विचारलं.

"तर म्हणेन, प्रश्न विचारणाऱ्यांचे आहेत."

तो एवढा हसला, की वादळही कारण न कळता लोळून हसलं. तिने पाहिलं, हसताना त्याचा वरचा एक दात किंचित वाकडा दिसतो. तिच्या टेबलावर आला असता, तर तिने तो सरळ केला नसता. या विचाराने ती स्वतःच दचकली.

एका संध्याकाळी सोफ्यावर विमान उडत होतं. खिडकीत आजीबाई, मध्ये वादळ, मग ती, आणि शेजारी खडूस प्रवासी. त्याने अचानक ग्लासातलं पाणी तिच्या अंगावर ओतलं.

"अहो!"

"वादळाने उलटी केली. याचे कपडे?"

"सॅकमध्ये, वरच!"

"आजीबाईचे?"

"त्याखाली."

"आणि तुमचे?"

तिने सॅक वरखाली चाळली. दोघांचं सगळं घेतलं होतं, औषधापासून रंगीत खडूंपर्यंत. स्वतःचा एक शर्टसुद्धा नव्हता. ओल्या बाहीने ती तशीच बसून राहिली. 'आणि तुमचं?' हे तिला कुणी विचारून किती काळ लोटला होता! डोळे भरून आले, आणि त्याचा तिला फार राग आला.

"घ्या ना एक," तो हळूच म्हणाला. हा आवाज लिफ्टमधला नव्हता. "निळा घ्या... तो शोभतो."

"खडूस प्रवासी असं बोलतात?"

"नवीन आहे. चुकतो मधूनमधून."

रविवार उजाडला. आभाळ भुरभुरत होतं. दादा-वहिनी मागून येत होते. दादा पंचासारखा, वहिनी तोंडावर पदर धरून, कारण तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. सगळ्यांच्या मागे लिफ्टकाका. आजीबाईने रीतसर आमंत्रण दिलं होतं, "पण हात मागे हं, लिफ्टकाका!" अशी तंबी देऊन.

जिना झाला. बस झाली. बसमध्ये एका गृहस्थाने बॅगेला हात घालताच ती अशी काही कडाडली की तो पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. दादाच्या भुवया वर चढल्या. विमानतळाचं काचेचं दार दिसू लागलं, आणि तिची पावलं झपाझप पडू लागली. जिंकले! एवढा रस्ता ओलांडला की—

आणि निळ्या बॅगेची चेन उसवली.

प्लास्टरच्या धारदार कडांनी तिला रोज थोडं थोडं कुरतडलं होतं. बॅग 'आ' करून उघडली आणि भर फुटपाथवर जबडेच जबडे घरंगळले. वरचे, खालचे, दाढा असलेले, नसलेले. लोक थांबले. आधी एक हसला, मग सगळेच हसले. ती खाली बसून जबडे गोळा करू लागली, कान तापलेले, आणि त्या एका क्षणात तिचा शर्ट हलका झाला. टोकाला लोंबणारा हात तिथे नव्हता.

एक जबडा रस्त्यावर गडगडत निघाला होता, आणि त्याच्यामागे वादळ. समोरून टॅक्सी येत होती.

तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत कुणीतरी तिच्या बाजूने सुसाट गेलं. ब्रेक करकचून लागले. मग रस्त्याच्या पलीकडे लिफ्टकाका उभा दिसला, वादळाला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून. वादळ जबडा उंचावून हसत होतं.

तो परत आला, मूल तिच्या कुशीत दिलं आणि दादाकडे वळला. "चूक माझी. यांनी हाक मारली नव्हती. हे धरू नका."

"हात लागला," दादा म्हणाला. त्याची नजर अजून टॅक्सीवरच होती. "बघ, मी सांगत होतो. ठरल्याप्रमाणे वादळ—"

"हो, लागला," ती उठली. वादळाचं धडधडणारं काळीज तिच्या गळ्याशी होतं. "आणि बरं झालं लागला! दादा, पैज मी हरले. कबूल. सगळ्यांदेखत कबूल. पण मुलगा पैजेवर लावायचा मला अधिकार नव्हता, आणि मागायचा तुला नव्हता. तो काही वाटीतली साखर नाही, हरले की शेजारी ठेवायला. दोघंही माझ्याबरोबर येणार."

"एकटीने कशी नेशील? आत्ताच बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणूनच एकटीने नाही नेणार. वाटेत कुणी हात दिला तर घेईन. नाही दिला तर मागेन. मला वाटत होतं, मदत घेतली की तू जिंकलास. अरे, माझी पोरं सुखरूप पोचली की मी जिंकले! तुला हो म्हणायचं तर म्हण, नाही तर नको म्हणू. विमान काही तुझ्यासाठी थांबायचं नाही."

दादाने वाकून पायाशी पडलेला एक जबडा उचलला. पुढचे दोन दात नसलेला.

"हा कुणाचा गं?"

"तुझाच."

वहिनीचा पदर तोंडावरून सुटला आणि ती खळखळून हसली. दादा त्या जबड्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडातले, तिने घडवलेले दोन दात हळूहळू उघडे पडले. "हा राहू दे माझ्याकडे," तो पुटपुटला. "आणि नवी बॅग मी आणतो. तुझ्या पसंतीचा भरवसा नाही." मग तो आणि वहिनी गुडघ्यांवर बसून जबडे वेचू लागले. आजीबाई त्यांना वरचे आणि खालचे वेगळे कसे करायचे ते शिकवत होती.

तो थोडा दूर उभा होता. हात पुन्हा मागे.

"आता कशाला मागे?" तिने विचारलं.

"सवय झाली. तुमच्याजवळ आलो की आपोआप जातात... नाही तर त्यांचा भरवसा वाटत नाही."

पावसाचे बारीक थेंब त्याच्या पापण्यांवर थांबले होते. तिचं सगळं धाडस बसमध्येच राहिलं की काय, असं तिला वाटलं. पण नाही, थोडं उरलं होतं.

"पुढे कर," ती म्हणाली.

तो चमकला. आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"ऐकू येत नाही का? हात पुढे कर."

त्याने केले. तिने ते धरले, सगळ्या फुटपाथदेखत. प्लास्टरने तिची बोटं पांढरी झाली होती, आता त्याचीही झाली.

"मी थांबणार नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठीसुद्धा नाही."

"थांब म्हणालो का मी? उभा जन्म लोकांना 'प्रतीक्षा करा' सांगण्यात गेला. आता माझी पाळी."

"पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन येईन. परत जाताना शेजारच्या सीटवर कोण असेल, ते मी ठरवून टाकलंय."

"कोण... तो खडूस?"

"तोच. पण त्याने पाणी सांडायचं नाही."

"शब्द देत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा वाकडा दात दिसला.

निघायच्या दिवशी तिने निळा शर्ट घातला होता. आणखी एक सॅकमध्ये होता, वरच. नवी बॅग, बाबागाडी, आजीबाई, वादळ, सगळं घेऊन ती काचेच्या दारातून आत गेली. आत पट्ट्यावर बॅग चढवताना ती जडच गेली. रांगेतल्या एका अनोळखी बाईने बिचकत विचारलं, "हात लावू का?"

"हो, धरा ना!" ती म्हणाली आणि मागे वळून पाहिलं.

काचेपलीकडे दादा होता, वहिनी होती, आणि त्यांच्या मधोमध तो. दोन्ही हात डोक्यावर उंच धरून, लहान मुलासारखा हलवत.

"लिफ्टकाका हात मागे ठेवायला विसरला," आजीबाई म्हणाली.

"विसरू दे," ती म्हणाली. वादळाला कडेवर घेऊन तिने मोकळा हात वर केला, आणि पुढे चालू लागली.