कल्हई उडालेला हंडा

काचेच्या नरसाळ्याच्या गळ्याशी, आतल्या बाजूने, निळसर हिरवी कड होती. नखाच्या कडेएवढी. हिरड्याचा अर्क तपकिरी असतो, वाळला की काळपट होतो. हिरवा होत नाही.

डॉ. जयमालांनी नरसाळं उजेडात धरलं आणि सृष्टीकडे पाहायचं टाळलं. सकाळीच त्यांनी या मुलीला बॅग उघडायला लावली होती. डबा, स्कार्फ, पाण्याची बाटली. सृष्टीने एकेक वस्तू टेबलावर मांडली होती. ते आठवून जयमालांचे कान तापले.

हरवली होती अर्काची बाटली. नगरच्या या कॉलेजात अजिनाथ सरांनी अकोले तालुक्यातल्या हिरड्यापासून अर्क काढला होता. त्याने कर्करोगाच्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण इतका वाढे की त्या मरून जात. सरांचा पेपर गाजला. मग त्यांची विद्यार्थिनी सृष्टी हिने नव्या खेपेचा अर्क वापरला, आणि पेशी जिवंतच राहिल्या. जुन्या अर्काशी ताडून पाहायचं ठरलं, तर फ्रीझरमधून बाटलीच गायब. सर म्हणाले, स्वतःची चूक झाकायला हिनेच फेकली. सोमवारी समिती तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करणार होती. किल्ल्या तिघांकडेच होत्या: सर, सृष्टी आणि त्याच विभागात शिकवणाऱ्या जयमाला. प्राचार्यांनी शोध जयमालांवर सोपवला होता.

"हे नरसाळं कधीचं?"

"पहिल्या खेपेचं, मॅडम. नंतर नवीन आणलं."

"काढा कोण उकळतं?"

"अकोल्याकडच्या चांगुणाबाई. इथे आपण फक्त गाळून आटवतो."

दुसऱ्या दिवशी जयमाला जीपने चांगुणाबाईंच्या दारात उतरल्या. त्यांच्याकडे काढा पूर्वापार तांब्याच्या हंड्यात होई, आणि रात्रभर त्यातच मुरत राही. हंड्याची कल्हई केव्हाच उडाली होती. कल्हईवाला आता फिरकत नाही, अशी बाईंची तक्रार होती. चुलीवर मात्र स्टीलचं पातेलं होतं.

"हे कुणी दिलं?"

"सरांनीच. दिवाळीच्या आदी आले हुते. तांब्यात उकळू नगा म्हनले." बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी शिकलेली मानसं एकमेकाला फोन करत न्हाई व्हय?"

जयमालांना हसू आलं नाही. सृष्टीची खेप दिवाळीनंतरची होती.

परतल्यावर त्यांनी एकच प्रयोग केला. मग सृष्टीला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सरांनीच त्यांना या कॉलेजात आणलं होतं. बोलताना जयमालांची नजर टेबलावरच राहिली.

"सर, बिनकल्हईच्या तांब्यात आंबट-तुरट ठेवलं की कळकतं, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. हिरड्याने हंड्याचं तांबं ओढून घेतलं. सृष्टीच्या अर्कात मी कणभर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, घातलं. पेशी मेल्या. निरोगी पेशीही मेल्या. नुसत्या मोरचुदाने मात्र नाही. मारत होतं ते तांबं आणि हिरडा मिळून. नुसता हिरडा नाही."

"मग ही प्रयोगातली चूक झाली," सर म्हणाले. "बाटलीचा काय संबंध?"

"नवी खेप फसली हे सगळ्यांना हिवाळ्यात कळलं. तुम्ही पातेलं त्याआधीच बदललंत. म्हणजे तांब्याचं तुम्हाला ठाऊक होतं. बाटली तपासली तर काय निघेल, हेही फक्त तुम्हालाच ठाऊक होतं. सृष्टीला ती लपवायचं कारणच नव्हतं. तिला तर ती ताडून पाहायला हवी होती."

सर पेनचं टोपण फिरवू लागले.

"वाटलं होतं, तांब्याशिवायही गुण येईल," ते म्हणाले. "थोडा जरी आला असता, तर कुणाला काही सांगायची गरज पडली नसती."

"आणि मी?" सृष्टीने विचारलं.

सरांना तिच्याकडे पाहवलं नाही. जयमालांनाही. बॅगेतून काढून मांडलेला तो डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

सरांनी टोपण खाली ठेवलं.

"बाटली मी फेकली. समितीला सोमवारी तसं सांगतो." मग दिवाळीपासून अडलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. "पेपर मागे घेतो."