सोनतळ्याची सोयरीक

गुरुवारी सकाळी फिरता दवाखाना सोनतळ्याला निघाला. ही गाडी स्वतःच चालते, स्वतःच सुई टोचते. दुपारपर्यंत ती एका उजाड माळावर उभी राहून हाका मारत होती, "शेवंताबाई, दमा कसा आहे? औषध घेऊन जा."

शेवंताबाई येणार कुठून! सोनतळे हे एका जुन्या, पुढे पुस्तकरूपाने छापलेल्या रेडिओ-मालिकेतलं गाव. शेवंताबाईही त्यातलीच.

त्याच वेळी बालाघाटाच्या डोंगरातल्या वाघेडोह गावात कांचन उदार आपल्या आईचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसली होती. हौसाबाईंचं डायलिसिस दर गुरुवारी याच गाडीत व्हायचं. आज गाडी आली नव्हती. गंमत म्हणजे (गंमत कसली, कर्मच ते!) लोककोश या ऑनलाइन ज्ञानकोशात सोनतळ्याच्या शेकडो नोंदी कांचननेच लिहिल्या होत्या. शेवंताबाईच्या दम्यासकट.

संध्याकाळी डॉ. निरुपम फाटक स्वतः तिच्या दारात आले. कोणती गाडी कुठे पाठवायची हे ठरवणारी यंत्रणा, नियोजक, त्यांनी घडवली होती.

"कांचनताई, नियोजक लोककोश वाचून गावं ओळखतो," ते म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याची दुसऱ्या दिवशी भंबेरी उडते की नाही? कालचं आज जुळत नाही. तेच तत्त्व आम्ही वापरलं. ज्या गावाच्या नोंदी एकमेकींशी जुळतात ते खरं. त्या मापाला आम्ही जुळणी म्हणतो."

"मग?"

"तुम्ही मालिकेच्या रसिकांनी भांडून-भांडून सोनतळ्यातली एकूण एक विसंगती काढून टाकलीत. वाघेडोहच्या मात्र चारच ओळी. त्यातही शाळेची दोन वेगवेगळी नावं. या आठवड्यात सोनतळ्याची जुळणी वाघेडोहच्या पुढे गेली आणि गाडी तिकडे वळली."

"नावं दोन्ही खरी आहेत. मधे बदललं."

"तेच तर! खऱ्या गावांची जुळणी नेहमीच कच्ची असते." डॉक्टरांनी मान खाली घातली. "सोनतळ्याच्या नोंदी पुसायला हव्यात. एक परिच्छेद ठेवा, पुरे झाला."

"पुसल्या, तर गाडी इथं येईल?"

"माळावर जाणार नाही."

"मी काय विचारलं?"

"नाही. वाघेडोहची नोंद वाढल्याशिवाय येणार नाही. आणि छापील आधाराशिवाय लोककोश नोंद घेत नाही."

"तुम्ही सांगा की त्याला! तुमचंच लेकरू ना ते?"

"वशिला चालू नये म्हणून आम्ही त्याला माणसाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवू देत नाही."

कांचन भडकली. "म्हणजे शेवंताबाईला छापील आधार आहे आणि माझ्या आईला नाही! डॉक्टर, सोनतळ्याची एक ओळसुद्धा मी पुसणार नाही. उलट वाढवीन!"

दर गुरुवारी आईला ती जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊ लागली. तिथल्या बाकड्यावर बसून तिने कथा लिहिली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. कथेत सोनतळ्याची मुलगी वाघेडोहला दिली होती. लग्न म्हटलं की सगळं ओघानंच येतं: मानपान, रुसवेफुगवे, कुणाचं घर कुठं, आहेर कुणी केला, पाणी कोणत्या विहिरीचं. अख्खं गाव तिने मांडवात आणून बसवलं. हौसाबाई वरमाय झाल्या आणि त्यांच्या डायलिसिसचा गुरुवार लग्नाच्या तिथीच्या आड आला. अंक छापून आला. रसिकांनी उत्साहाने नोंदी केल्या. वाघेडोहची जुळणी आता सोनतळ्याइतकी पक्की झाली.

गाडी आली. गावाने तिला ओवाळलं.

"आपण आता गोष्टीतले झालो म्हन की," हौसाबाई म्हणाल्या.

"जिवंत आहोत ना? बस्स."

पण गोष्ट एकदा लोकांच्या हाती गेली की ती लोकांची होते. पुढच्या दिवाळीत कुणा अनोळखी लेखकाने त्याच सोयरिकीवर कथा लिहिली. वरमायेच्या मरणाचा प्रसंग त्याने फार सुंदर रंगवला होता. वाचक हळहळले. तपशील चोख जुळत होते, म्हणून ते मरणही लोककोशात नोंदलं गेलं.

त्या गुरुवारी गाडी दारात थांबली. हौसाबाई ओट्यावर बाही वर करून बसल्या होत्या.

"कांचनताई, आईंच्या निधनाचं कळलं," गाडी हळुवार आवाजात म्हणाली. "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत."

"आगं बया! मी हितं बसलेय न्हवं!" हौसाबाई ओरडल्या. "कोन मेलंय?"

मेलेल्या माणसाला उत्तर द्यायची गाडीकडे सोय नव्हती. ती वळून पुढच्या घराकडे निघाली.

कांचन धावत गेली आणि चाकांसमोर मातीत फतकल मारून बसली. "ती जिवंत आहे. सुई काढ, नाहीतर माझ्या अंगावरून जा."

हौसाबाई सुजलेल्या पायांनी धडपडत आल्या आणि लेकीला टेकून बसल्या. शेजारपाजारचे बाहेर आले. कुणी काही न सांगता तेही बसले.

गाडी थांबली. मग तिने अदबीने विचारलं, "हा प्रसंग कोणत्या कथेतला आहे?"

"कुठल्याच नाही," कांचन म्हणाली, आणि जागची हलली नाही.