चार वाजताचा चहा

“रोहा गाडी गेली का हो?”

एवढंच विचारलं होतं मी. पेणच्या एसटी स्टँडवर, हातात मावशीने दिलेला पापडांचा डबा आणि डोक्यावर आषाढातली भुरभुर. चौकशीच्या खिडकीत कोणी नव्हतं, म्हणून शेजारच्या माणसाला विचारलं. तो वळला आणि बघतच राहिला.

“परत बोला ना,” तो म्हणाला.

“काय?”

“काय पण. बोला फक्त.”

आता मी रोह्याची. स्टँडवरच्या आगाऊ माणसांना कसं वाटेला लावायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, “या, टेका, पाय सैल सोडा… ओसरीवर आज गोष्ट आहे.”

माझा डबा पडता पडता राहिला. ते वाक्य माझं होतं हो!

‘ओसरी’ ही आमची वेबसाइट. जुनी मराठी पुस्तकं आम्ही वाचून रेकॉर्ड करतो आणि कुणीही फुकट ऐकावीत म्हणून तिथे ठेवतो. नागोठण्याच्या अनिताताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी ती सुरू केली. ती चालते लोकांच्या देणग्यांवर. मी धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, आणि शिफ्ट संपली की घरी कपाटात तोंड घालून, डोक्यावर गोधडी घेऊन वाचते. आवाज घुमत नाही ना, म्हणून. आई म्हणते, पोरगी हातची गेली.

“तुम्ही… ऐकता?” मी विचारलं.

“दिवसभर. डोळे काढताना.”

“कोणाचे?”

“गणपतीचे.” त्याने हात पुढे केला. नखांच्या कडेला काळा रंग होता. “मी सुशील. कारखान्यात आखणी करतो. बाकी मूर्ती कोण पण रंगवंल, डोळे नाय. एक रेघ हलली की देव बदलतो. हात थिर ऱ्हायला तुमचा आवाज लागतो मला.”

रोहा गाडी आली आणि गेली. मला दिसली होती, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर दर रविवारी मला मावशीची आठवण यायला लागली. मावशीला वाटलं, भाचीला पापडांचं वेड लागलंय. आमच्या माळ्यावर पापडांचे चार डबे जमले. मी आणि सुशील स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचो. तो बोलायचा कमी, ऐकायचा जास्त. माझं बोलणं संपत आलं की विचारायचा, “आणि मग?” मला आजवर कुणी ‘आणि मग’ विचारलं नव्हतं. घरी तर ‘पुरे आता’ म्हणतात.

चौथ्या रविवारी तो मला कारखान्यात घेऊन गेला. पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीच गणपती, ओल्या रंगाचा वास आणि रंग कालवणाऱ्या सुरभीवहिनी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हीच काय रे ती? रडवणारी?”

“रडवणारी?” मी सुशीलकडे बघितलं.

तो लाजला. मग त्याने वरच्या फळीवरून एक मूर्ती काढली, हातभर उंचीची. सगळं सुरेख, पण डोळे… ते डोळे आत्ता भरून येतील असे होते.

“गेल्या वर्षीचा हाय,” तो म्हणाला. “आखणी चालू होती, आणि मधेच तुमचं ते लागलं. ‘ओसरीवरचा हा कदाचित शेवटचा भाग. आज तुम्ही मदत केली नाहीत, तर उद्या इथे कोणी नसेल…’ असा आवाज भरून आला तुमचा! माझा हात हलला. गिऱ्हाईक बोलला, असा रडका देव नको.”

“मग पुसून परत नाही काढलेस डोळे?”

“नाय. तुमचं रडणं पुसायचं कसं?”

 

सुरभीवहिनी रंग ढवळता ढवळता म्हणाल्या, “पंधरा दिस चार वाजताचा च्या बंद केला गो आमी. सगळ्यांनी. त्याचे पैशे पाठवले तुमाला. च्याबिगर जीव जातो माजा, पन म्हटलं, पोरगी रडते हाय तर जाऊदे.”

आणि त्या हसल्या. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण तो शेवटचा भाग वगैरे काहीही नव्हता. त्या दिवशी ओसरीकडे दोन वर्षांची सोय होती. अनिताताईंनी मला सांगितलंही होतं. ‘घाबरवल्याशिवाय लोक खिशात हात घालत नाहीत गो,’ असं त्या म्हणाल्या आणि मजकूर पाठवला. मी तो तीनदा रेकॉर्ड केला. रडवेला आवाज तिसऱ्यांदा जमला. जमला म्हणून खूशही झाले होते!

सांगितलं नसतं तर चाललं असतं. कोणाला कळणार होतं? पण सुशील त्या मूर्तीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत होता. मी सांगून टाकलं, सगळं, त्या तिसऱ्या वेळेसकट.

त्याची बाही मूर्तीवरच थांबली. मग मूर्तीकडे बघत म्हणाला, “म्हंजे हा वर्षभर उगाच रडतोय.”

या वेळी ‘आणि मग’ विचारलं नाही त्याने. मला स्टँडवर सोडलं आणि गाडी लागायच्या आत निघून गेला. रोह्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. नागोठण्याला कंडक्टरने विचारलं, “ताई, बरं नाय काय?” मी म्हटलं, पाऊस आत येतोय.

श्रावण लागला, आणि अनिताताईंचा फोन आला. नव्या आवाहनाची वेळ झाली होती. मजकूर तयार होता: ‘ओसरीचे दिवे विझत आहेत…’

“ताई, मी हे वाचणार नाही.”

“अगं, तुझ्या आवाजावरच तर भिस्त आहे!”

“म्हणूनच.”

त्या चिडल्या. “सुरुवातीच्या वर्षी मी खरं सांगून पाहिलं होतं, किमया. लोकांनी ‘छान काम’ लिहिलं आणि ऐकत बसले. तीन महिने साइट बंद होती, माहितीये? एक आंधळे आजोबा रोज फोन करायचे, कधी सुरू होणार म्हणून. त्यांना काय सांगायचं होतं मी?”

बाई काही स्वतःसाठी मागत नव्हती. पण चहा बंद करून बसलेली शेड डोळ्यांपुढून हलेना.

“त्या आजोबांना तुम्ही खोटं सांगितलं असतंत का, ताई?” मी विचारलं.

“बघ मग तुझ्या मनासारखं करून,” त्या म्हणाल्या. “बुडालो तर एकत्र बुडू.”

त्या संध्याकाळी मी गोधडी डोक्यावर घेतली आणि एका दमात रेकॉर्ड केलं. “या, टेका, पाय सैल सोडा. मी किमया. ओसरी उद्या बंद पडणार नाहीये. गेल्या वर्षीही पडणार नव्हती. मी तसं म्हणाले, रडून म्हणाले, आणि मला खरं माहीत होतं. माझं चुकलं. आता जे आहे ते सांगते. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतची सोय आहे. त्यानंतरची नाही. जमत असेल तर द्या. नसेल जमत तर नुसतं ऐका, ओसरी तुमचीच आहे. पण कृपा करून… चहा बंद करून देऊ नका.”

देणग्या कमी आल्या, चांगल्याच कमी. अनिताताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या आजोबांचा निरोप मला पाठवला: ‘पोरीला सांगा, आता आवाज खरा वाटतो.’ खाली ताईंनी लिहिलं होतं, ‘बघू, दिवाळी लांब आहे.’

पेणहून मात्र काही आलं नाही. ना फोन, ना निरोप. मी रविवारी डबा न घेताच गाडीत बसले. मावशीचं निमित्त आता नको होतं.

शेडमध्ये गणपती घरोघर निघायची घाई चालली होती. सुशील कोपऱ्यात पाटावर बसला होता, आणि त्याच्यासमोर तीच मूर्ती होती. डोळ्यांवरून त्याने अंगाचा रंग मारला होता. देवाला डोळेच नव्हते.

“आठ दिवस झाले,” तो मान वर न करता म्हणाला. “पुसले, पण नवे निघत नायत. हात बसत नाय.”

“माझं नवीन ऐकलंस?”

“वीस वेळा.” त्याने ब्रश काळ्या रंगात बुडवला. “बोल. काय पण बोल.”

पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला होता. मी त्याच्यासमोर पाटावर बसले. काळीज असं धडधडत होतं की ते रेकॉर्ड झालं असतं.

“एक आवाहन आहे,” मी म्हटलं. “खरंखुरं. तू नाही म्हणालास तर मी बंद पडणार नाही. जेवेन, झोपेन, धाटावला ड्यूटीला जाईन, पुस्तकं वाचेन. कुणाला कळणारही नाही. पण… तू असलास तर मला फार आवडेल. मला तू हवा आहेस, सुशील. घाई नाही. दिवेबिवे काही विझत नाहीयेत.”

त्याची रेघ चालली होती. उजवा डोळा झाला. डाव्याच्या शेवटी ब्रश जरासा थरथरला आणि रेघ कडेला वर गेली.

“हलला हात!” मी ओरडले. “बिघडला ना पुन्हा?”

त्याने मूर्ती माझ्याकडे वळवली. देव हसू दाबून बसला होता.

“हा आता विकायचा नाय,” सुशील म्हणाला. मग माझ्याकडे नीट, अगदी नीट बघितलं. माझी नजर खाली गेली, गालांचं काय झालं ते सांगत नाही.

तेवढ्यात चार वाजले. सुरभीवहिनी किटली घेऊन आल्या, मला बघून थबकल्या, आणि हातातले कप मोजायला लागल्या.

“वयनी,” सुशील म्हणाला, “आजपासून दर रविवारी एक कप वाढवा.”

“किती दिवसांसाठी रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “आणि मग?” त्याने विचारलं.

मी वहिनींच्या हातातून किटली घेतली आणि पहिला कप त्यांनाच भरून दिला. “वहिनी,” मी म्हटलं, “आता कधीच बंद करायचा नाही.”