भिंतीलगत फिरणारी चाकं

ही घटना खरी आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या ताईला विचारा. तीही हेच सांगेल.

फक्त त्या घटनेचा अर्थ ती वेगळा लावते. आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

बुधवार होता. दिवे लागायची वेळ. जागा म्हणजे आमच्या गावातलं सार्वजनिक क्रीडाभवन. ती इमारत आता नाही. तिथे मोकळी जमीन आहे आणि भोवती पत्र्याचं कुंपण.

ताई नगरपालिकेत इंजिनिअर आहे. धोकादायक इमारती तपासायचं काम तिच्याकडे. माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे दिवसभर लोकांना हनुवटी जरा वर करा असं सांगत बसायचं. मी चाळिशीला आलोय, पण तिच्यासाठी अजून छोट्याच.

त्या दुपारी तिचा फोन आला.

"छोट्या, कॅमेरा घेऊन क्रीडाभवनात ये. भेगांचे फोटो हवेत. उद्या सकाळी बैठक आहे."

"तुमच्या ऑफिसात कुणाकडे मोबाइल नाही का?"

"सगळ्यांकडे आहे. पण त्यांच्या फोटोत भेग कुठली आणि कोळिष्टक कुठलं ते कळत नाही. ये लवकर."

मी गेलो.

इमारत दुमजली. खाली व्यायामशाळा, टेबल टेनिसची खोली आणि एक लांबच लांब कॅरमचा हॉल. त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, स्केटिंगचा हॉल. लोखंडी तुळया, खालून प्लाय ठोकून झाकलेल्या, आणि त्यांच्यावर लाकडी फळ्यांची जमीन. छत कित्येक वर्षं गळत होतं. पाणी भिंतीतून कुठून कुठे जायचं, कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी तिथे मुलांची स्पर्धा होती. ताईची मुलगी चिमी त्यात होती.

ताई दाराशीच उभी होती. हातात किल्ल्यांचा जुडगा, डोक्यावर हेल्मेट. चेहरा उतरलेला.

"नगराध्यक्षांचं म्हणणं, डागडुजी करून भागेल असं लिहून द्या," ती म्हणाली. "पालक रोज येऊन डोकं खातात. आणि घरी चिमी. स्पर्धा होणार ना गं आई, स्पर्धा होणार ना गं आई."

"तुला काय वाटतं?"

"भिंती वाईट आहेत. पण जमिनीत मला काही सापडत नाही." ती जरा थांबली. "रविवार होऊन जाऊ दे असं म्हणतेय. सोमवारपासून बंद."

ती माझ्याकडे न बघता बोलली. ताई असं कधी बोलत नाही.

आम्ही आत गेलो. तपासणीसाठी मुलांना सुट्टी दिली होती. तारांवर पाणी गळतं म्हणून वीजही तोडलेली. स्केटिंगचे सर वरच्या हॉलला कुलूप लावून, किल्ल्या ताईला देऊन घरी गेले होते. थोड्या वेळाने परत येणार होते.

म्हणजे इमारतीत आम्ही दोघंच होतो.

व्यायामशाळेचे फोटो झाले. टेबल टेनिसच्या खोलीचे झाले. मग कॅरमच्या हॉलमध्ये आलो. बोर्ड एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवलेले. पावडरीचा वास. ताई शिडीवर चढली, मी खालून बॅटरी धरली.

आणि वरून आवाज आला...

घर्रर्र...

लाकडावरून चाकं फिरल्याचा.

ताई शिडीवर तशीच थांबली. मी वर बघितलं.

आवाज सावकाश पुढे गेला. घाई नाही. एक पाय रेटायचा, मग लांबवर घरंगळणं. पुन्हा एक पाय. पुन्हा घरंगळणं.

"सर आले वाटतं," मी म्हणालो.

"किल्ल्या माझ्याकडे आहेत."

ती खाली उतरली. माझ्या हातातली बॅटरी घेऊन छताकडे रोखली आणि आवाजाच्या खालोखाल चालायला लागली. मी तिच्या मागे. वर ते भिंतीला धरून फिरत होतं, खाली आम्ही भिंतीला धरून चाललो होतो. दाराच्या बाजूने. खिडक्यांच्या बाजूने. मग मागच्या भिंतीने.

मागच्या कोपऱ्याजवळ पोचलो...

आणि आवाज बंद झाला.

काहीच नाही. माझा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग कोपऱ्याच्या पलीकडे तो पुन्हा सुरू झाला. घर्रर्र... तसाच, सावकाश.

उडी मारून पुढे गेल्यावर खाली आदळल्याचा आवाज होतो. तसा झाला नाही. मधला तेवढा तुकडाच नव्हता.

दुसरी फेरी. पुन्हा त्याच कोपऱ्यात खंड.

तिसरी. पुन्हा तिथेच.

"ताई, चल," मी म्हणालो. "उजेडात बघू उद्या."

"उद्या सकाळी बैठक आहे, छोट्या." तिचे डोळे त्या कोपऱ्यावरून हलत नव्हते. "तो कोपरा मी बघितलाच नाहीये. वर गाद्यांचा ढीग होता तिथे. सरांनी आजच हलवला."

ती जिन्याकडे निघाली. आता धाकट्या भावाने काय करायचं? मीही निघालो.

जिना चढताना चाकं ऐकू येत होती. दाराबाहेर उभे राहिलो तेव्हाही येत होती. अगदी दाराच्या पलीकडून गेली, तेव्हा कुलूप थरथरलं.

ताईने किल्ली लावली...

आवाज थांबला.

दार उघडलं. खिडक्यांतून थोडा उजेड येत होता. हॉल रिकामा. एका बाजूला फळीवर मुलांचे स्केट्स जोडीने मांडलेले. मधोमध जमिनीवर मोठी पांढरी रेषा रंगवलेली, लंबगोल. बाकी काही नाही. लपायला जागाच नव्हती.

"बघ," मी म्हणालो. "कुणी नाही. झालं समाधान?"

"तू दारात थांब. ही बॅटरी घे, माझ्यावर धर."

आणि ती भिंतीलगत चालायला लागली. त्या कोपऱ्याकडे.

मी बॅटरी धरली. तिची सावली भिंतीवर नाचत होती. ती खिडक्या ओलांडून गेली. मागच्या भिंतीला वळली. कोपरा आता हातभर राहिला...

तेवढ्यात तिच्या मागे चाकं वाजली.

फिरती नाही. अगदी हळू. एखाद्याने पाय न रेटता नुसतं स्वतःला सोडून दिलं तर वाजतील तशी. तिच्या पाठीमागून, तिच्याच दिशेने. उजेड तिथे पूर्ण पडला होता. जमीन मला स्वच्छ दिसत होती.

जमिनीवर काही नव्हतं.

आवाज मात्र तिच्या जवळ जवळ जात होता.

ताईने एक पाऊल पुढे टाकलं. तो आवाज मागे आला की कुणीही टाकेल. मी ओरडलो, "ताई, थांब."

ती वळली. पुढचा पाय टेकलेला, वजन अजून मागच्या पायावर.

आणि पुढच्या पायाखालची फळी गेली.

मोडल्याचा आवाजही झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यात पाय जावा तसा तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ती मागे पडली, म्हणून वाचली. मी धावत गेलो. तिला काखेत धरून ओढलं. पोटरी सोलवटून निघाली होती.

खालचा प्लायही फाटला होता, भोकातून खालचा कॅरमचा हॉल दिसत होता.

ताईने रक्ताकडे बघितलंच नाही. ती पालथी झाली आणि भोकात बॅटरी घातली. कोपऱ्यातली तुळई दिसली. म्हणजे तुळई होती ती जागा. लोखंडाचे पापुद्रे होऊन लोंबत होते. टोक भिंतीत राहिलंच नव्हतं.

"इथे रविवारी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडणार होते," ती म्हणाली. "आणि खाली मुलांना बसवणार होते. आपली पाळी येईपर्यंत."

मी फोटो काढले. कसे काढले, माझं मला माहीत. मग तिला धरून धरून खाली आणलं.

कॅरमच्या हॉलमध्ये सर उभे होते. नुकतेच आले होते. ताईचा पाय बघून त्यांनी आपला रुमाल काढला आणि वाकून बांधायला लागले.

आणि वर...

घर्रर्र...

सरांचे हात थांबले.

"वर अजून कोण आहे?"

"तुम्हीच सांगा," ताई म्हणाली.

सर मान वर करून ऐकत राहिले. दाराची बाजू. खिडक्या. मागची भिंत.

मग तो कोपरा. जिथे आता फळी नव्हती. जिथे भोक होतं आणि त्या भोकातून वरचा अंधार आम्हाला दिसत होता.

चाकं त्याच्यावरून गेली. या वेळी मध्ये खंड पडला नाही.

"भिंतीला लागून मी कुणाला फिरू देत नाही," सर हळूच म्हणाले. "मुलं पांढऱ्या रेषेच्या आत फिरतात."

"सर, इथे कधी काही... म्हणजे कुणी..." मला नीट विचारता येईना.

"नाही. इमारत उघडली त्या दिवसापासून मी इथे आहे. मरणं सोडा, कुणाचं साधं हाड मोडलेलं नाही इथे."

आम्ही तिघं बाहेर पडलो. वरच्या हॉलला कुलूप घालायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ताई लंगडत आली. मला आधीच बजावलं होतं, "फोटो दाखव. बाकी तोंड उघडू नकोस."

मी पडद्यावर फोटो लावले. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, त्यात वेगळं काहीही आलं नव्हतं. गंज आला होता तेवढा.

एक पालक उठले. "मॅडम, इतकी वर्षं मुलं खेळतायत. काही झालं नाही."

"काल झालं," ताई म्हणाली, आणि पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर ठेवला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तेवढा कोपरा दुरुस्त करून घेतला तर? लोकांच्या भावना आहेत. दुसरी जागा कुठे आहे मुलांना?"

"एक तुळई अशी असेल तर बाकीच्यांची हमी मी देणार नाही. तुम्ही देता?"

अध्यक्षांनी समोरचे कागद सरळ केले.

"माझी मुलगी रविवारी उतरणार होती," ताई म्हणाली. "तिचा सराव मी रोज बघतेय. काल संध्याकाळपर्यंत माझंही मन होत नव्हतं. आज सांगते, इमारत आजपासून बंद करा आणि पाडा."

हात वर झाले. काही लगेच, काही रेंगाळत. पण झाले.

चिमी दोन दिवस आईशी बोलली नाही. मग बोलली.

इमारत पाडली त्या सकाळी मी तिथे होतो. मशीनवाल्याने पहिला घाव घालायच्या आधी इंजिन बंद केलं आणि केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"वर पोरं आहेत का?"

"कुणी नाही," मुकादम म्हणाला.

"मग खेळतंय कोण?"

मुकादम वर जाऊन बघून आला. कुणी नव्हतं. मशीनवाल्याने खांदे उडवले आणि काम सुरू केलं. दुपारपर्यंत वरचा मजला खाली आला. ढिगाऱ्यात मला तरी काही ऐकू आलं नाही.

ताईच्या मते गोष्ट साधी आहे. कुणीतरी तिला जागा दाखवली. ती पुढे पडणार तेवढ्यात मागून आवाज देऊन तिला वळवलं. चिमीला वाचवलं, इतरांच्या लेकरांना वाचवलं. ती हे हात जोडून सांगते. माझी हाक तिला ऐकूच आली नव्हती म्हणते.

मीही तसंच मानून चाललो होतो.

मग एकदा सर भेटले. आता ते शाळेच्या मैदानावर शिकवतात. चहा घेता घेता विषय निघाला. ताई काय म्हणते ते मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडमना हे सांगू नका," ते म्हणाले. "पण मला एक कळत नाही. सावध करायचं असतं तर आवाज आधीच्या दिवसांत का आला नाही? मी रोज तिथे होतो. तो कोपरा गाद्यांखाली झाकलेला होता तोवर सगळं शांत होतं. ज्या दिवशी मोकळा झाला, त्याच दिवशी सुरू झाला."

मी चहा ढवळत राहिलो.

"आणि दुसरं. गोल फिरताना एकच जागा सोडली, तर माणूस काय करणार? तिथे काय आहे ते बघायला जाणार. मॅडम गेल्याच ना?"

"पण मागून आवाज आला म्हणून ती वळली, सर."

"त्या तुमच्या हाकेने वळल्या असतील. मागून काही आलं की माणूस पुढे सरकतो."

मला ते पाऊल आठवलं. तिने टाकलं होतं ते. मी ओरडायच्या आधी.

ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? ती आता निर्धास्त झाली आहे. पूर्वी पडक्या इमारतीत पाय ठेवताना ती दहादा विचार करायची. आता म्हणते, "मला कळतं रे, छोट्या. वाट दाखवणारं कुणीतरी असतं."

त्यामुळे ती तपासणीला निघाली की मी दुकान बंद करतो. फोटोंचं निमित्त सांगून बरोबर जातो.

गेल्या आठवड्यात जुन्या वाचनालयाची पाळी होती. मी तिच्या आधी पोचलो. ती आली, दार ढकललं आणि उंबऱ्यात डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. आत काळोख होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

तिच्या आवाजात निराशा होती.